भिंगरी की काजवा

"मग नावाला काहीच किंमत नसते का, भंतेजी?"

सुमेध वानखडेचा आवाज विहाराच्या रिकाम्या सभागृहात घुमला.

भंते खेमरत्न खिडकीपाशी बसून फाटलेलं चीवर शिवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मी असं कुठं म्हटलं? मी एवढंच विचारलं, की खेळणं चांगलं आहे ना?"

"खेळणं नाही ते. हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल आहे."

"बरं. कन्सोल चांगला आहे ना?"

"उत्तम आहे! म्हणून तर राग येतो. इतक्या चांगल्या वस्तूचं नाव ठेवलं काय, तर काजवा! काजवा, भंतेजी!"

सुमेध चोवीस वर्षांचा. नागपूरला एका कंपनीत नोकरीला होता. लहानपणी तो पवनीला मामाकडे राहत असे आणि दर रविवारी या टेकडीवरच्या विहारात भंतेंच्या वर्गाला येई. पुढे तो नागपूरला गेला आणि वर्ग सुटला. काल भंतेंचा निरोप आला, 'येऊन जा.' तो सकाळीच मोटरसायकल काढून आला. कशाला बोलावलं, हे त्याने विचारलंच नाही. गेले पंधरा दिवस त्याच्या डोक्यात एकच विषय होता. समोर जो येई त्याला तो तेच सांगे.

विषय असा होता.

पाच वर्षांपूर्वी एका छोट्या कंपनीने 'भिंगरी' नावाचा कन्सोल काढला. तळहातात मावणारा, आणि सगळे खेळ मराठीत. पोरं वेडी झाली. सुमेधने इंटरनेटवर 'भिंगरी परिवार' नावाचा ग्रुप सुरू केला. त्यात आता चाळीस हजार माणसं होती. या वर्षी नवा कन्सोल येणार म्हणून कंपनीने लोकांकडूनच नावं मागवली. परिवाराने एकमुखाने 'भिंगरी दोन' सुचवलं. एकतीस हजार जणांनी सह्या केल्या.

कंपनीने निवडलं 'काजवा'.

"एकतीस हजार सह्या," सुमेध म्हणाला. "आणि एका चिठ्ठीवरचं नाव उचललं त्यांनी. हा अपमान नाही?"

"नाव बदललं म्हणून खेळ बदलला का?"

सुमेध हसला. या प्रश्नाची तो वाटच पाहत होता.

"सगळे हेच विचारतात. आता मी तुम्हाला विचारतो. माझ्या आजोबांचं नाव काय होतं?"

"आनंद."

"त्याआधी?"

भंतेंची सुई थांबली.

"कचरू. गावात सगळे कचऱ्या म्हणायचे. छप्पन साली आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि म्हणाले, आजपासून मी आनंद. गावच्या पाटलाने कचऱ्या म्हणून हाक मारली, तर वळून बघायचे नाहीत. मार खाल्ला, पण वळले नाहीत. ही गोष्ट मला कोणी सांगितली? तुम्ही सांगितली, इथे बसून. माणूस तोच होता ना? मग नाव बदललं म्हणून काय बदललं, असं का नाही म्हणालात तेव्हा?"

...

"बरोबर आहे तुझं," भंते म्हणाले.

सुमेध चपापला. इतक्या लवकर जिंकू, असं त्याला वाटलं नव्हतं.

"नाव मोठी गोष्ट आहे," भंते म्हणाले. "मीच चुकीचं विचारलं."

सुमेध आणखी ताठ बसला.

"मंग काजवा हे नाव दिलं कोणी?"

"प्रणाली गजभियेने. आता भंडाऱ्याला असते. तुमच्याच वर्गातली, माझ्या दोन वर्षं मागे होती. कंपनीने जाहीर करताना नुसतं 'प्र. ग., भंडारा' एवढंच छापलं होतं. कोणाला पत्ता लागत नव्हता. मी बरोबर ओळखलं. ती परिवारातच होती. गप्प राहून आमच्या विरुद्ध चिठ्ठी टाकली!"

"ओळखलंस. मंग काय केलंस?"

"लिहिलं ग्रुपवर. लोकांना कळायला नको?"

"काय लिहिलंस?"

"काही वावगं नाही, भंतेजी. एक शिवी नाही, एक वाकडा शब्द नाही. मी फक्त नाव टाकलं."

भंतेंनी दोरा तोडला. चीवराची घडी घातली आणि बाजूला ठेवली.

"फक्त नाव..." ते म्हणाले.



भंते उठले. सत्तरीचा माणूस, गुडघे कुरकुरत होते. चीवर घेण्याआधी ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते आणि त्यांचे हात अजून तसेच होते, रुंद आणि जड. कपाटातून त्यांनी कागदांचा एक गठ्ठा काढला आणि सुमेधपुढे टाकला.

"गजभिये आणून देऊन गेला. पोस्टात आहे तो, तिचा बाप. पोरीच्या फोनमधून काढून त्याने छापून आणलं. वाच."

सुमेधने पहिला कागद उचलला. नजर फिरवली आणि खाली ठेवला.

"मोठ्याने वाच. मला डोळ्यांना कमी दिसतं."

"भंतेजी, हे मी लिहिलेलं नाही."

"लिहायला नाही सांगत. वाचायला सांगतो."

सुमेध वाचू लागला. प्रत्येक ओळ एकाच शब्दाने सुरू होत होती. 'प्रणाली'. त्यापुढे काय काय होतं, ते इथे लिहिण्याजोगं नाही. पहिली ओळ त्याने भराभर वाचली. दुसरी अडखळत. तिसऱ्या ओळीत तिच्या आईचा उद्धार होता, आणि मग जातीचा.

तो थांबला.

"वाच."

"नाही वाचवत."

"तिने वाचले. सहाशे बारा आहेत. वाच!"

भंते ओरडले. सुमेधने त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. पायऱ्यांवर बसलेल्या दोन बाया उठून आत डोकावल्या आणि परत गेल्या. भंतेंचा चेहरा लाल झाला होता.

"भंतेजी, तुम्ही... तुम्ही रागावलात?"

"हो. रागावलो. भिक्षूने रागावू नये. ते माझं मी बघीन. तू तुझं बघ."

...

सुमेधने कागद पुन्हा गठ्ठ्यावर ठेवला आणि म्हणाला, "मी जाऊन तिची माफी मागतो."

"नको."

"मग?"

"माफी तुला पाहिजे. तिच्याकडे मागायला नको जाऊ. तिला एक विचारून ये. काजवा हे नाव काहून दिलं?"

पंधरा दिवस चाळीस हजार लोक त्या नावावर भांडले होते. त्याने स्वतः त्यावर पानंच्या पानं लिहिली होती. हा प्रश्न त्याला सुचलाच नव्हता.

दुपारी तो भंडाऱ्याला पोहोचला. दार गजभियेंनी उघडलं. त्याला पाहून ते दारातच आडवे उभे राहिले.

"तू? काहून आला बे इथं?"

"काका, प्रणालीला एक विचारायचं होतं."

"माही पोरगी अकरा दिवसांपासून कॉलेजात गेली नाही. अजून काय विचाराचं उरलं तुले?"

"बाबा, सरका," आतून आवाज आला.

प्रणाली दारात आली. तिचे डोळे सुजलेले असतील, असं तो वाटभर समजत होता. तसे नव्हते. ते डोळे त्याच्यावर रोखलेले होते आणि त्याला नजर खाली घ्यावी लागली.

"बोल."

"तू... काजवा हे नाव का दिलंस?"



"आता विचारतोस?"

"हो."

"चाळीस हजार माणसं होती ना रे तुझ्या परिवारात? एकाला तरी वाटलं का, हिला विचारावं? मी सांगितलं असतं. आनंदाने सांगितलं असतं. निवड झाली त्या दिवशी मी लिहून ठेवलं होतं सगळं, टाकणारच होते ग्रुपवर. त्याआधी तू माझं नाव टाकलंस."

"मला वाटलं..."

"कॉलेजात आता मला काय म्हणतात, माहीत आहे? काजवा. जिन्यात, कँटीनमध्ये, मागून. ए काजवा, कुठे चमकायला चाललीस? मी इतक्या प्रेमाने दिलेलं नाव, सुमेध. त्याची शिवी केलीत तुम्ही."

"म्हणूनच विचारतो..."

"नाही सांगणार."

तिने दार लावलं.

त्या रात्री सुमेधने ग्रुपवर लिहिलं. प्रणाली गजभियेचं नाव मी उघड केलं. ते करायला नको होतं. ज्यांनी तिला शिव्या दिल्या त्यांना मी आज काढत आहे. काजवा हे नाव का दिलं, हे आपण कोणीच तिला विचारलं नाही.

सकाळपर्यंत तीनशे जणांना त्याने काढलं होतं. दुपारपर्यंत त्याच्याच दोन सोबत्यांनी त्याला काढलं. पाच वर्षं ज्यांच्याबरोबर ग्रुप चालवला तेच. कारण दिलं, 'सुमेध कंपनीला विकला गेला.' मग सुमेधच्या नावाने सुरू झालं.

पुढच्या रविवारी तो विहारात आला तो पायऱ्या दोन दोन चढत.

"ही कुठली रीत, भंतेजी? चुकलो ते कबूल केलं, तर मलाच शिव्या! मी उभा केलेला ग्रुप! मला गद्दार म्हणतात. आईच्या फोनवर मेसेज पाठवतात. असल्या लोकांसाठी मी पाच वर्षं घातली?"

भंते अंगण झाडत होते. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"तिने कारण सांगितलं का?"

"नाही. दार लावलं तोंडावर."

"मंग जा."

"आत्ता? अहो, माझं काय चाललंय ते मी तुम्हाला..."

भंते पुन्हा झाडू लागले.

या खेपेस गजभियेंनी काही न बोलता त्याला व्हरांड्यात बसू दिलं. पाणी मात्र विचारलं नाही. बऱ्याच वेळाने प्रणाली आली आणि खांबाला टेकून उभी राहिली.

"ऐकलं मी. काढलं म्हणे तुला."

"हो."

"काय काय म्हणाले?"

सुमेधने सांगितलं. गाळता येण्यासारखं गाळून सांगितलं. तिला ते कळलं.

"वाईट वाटलं?"

"वाईट नाही. राग आला. असा राग की वाटलं फोन भिंतीवर आपटावा."

"मलाही राग आला होता," प्रणाली म्हणाली. "सगळ्यांना वाटतं मी घरात बसून रडले. आईला वाटतं, कॉलेजातल्या बाईंना वाटतं. तुलाही वाटलं असेल. मी रडले नाही. एक दिवस नाही. मला राग आला होता, आणि तो कोणावर काढावा तेच कळत नव्हतं. समोर कोणी नव्हतंच. नुसती नावं."

सुमेधने नजर वर करून तिच्याकडे पाहिलं.

"उद्यापासून कॉलेजला जाते मी," ती म्हणाली. "तुझ्यामुळे नाही."

"बरं."

"मागून कोणी काजवा म्हटलं ना, तर वळून त्याच्यासमोर जाऊन उभी राहणार आहे. विचारणार आहे, बोल, काय काम आहे? समोर तोंड तरी दिसेल."

"मी येऊ का सोबत?"

"काही गरज नाही."

...

"प्रणाली, ते नाव..."

"नाही सांगणार म्हटलं ना!"

तो उठला. चपला घातल्या. फाटकापर्यंत गेला, तेव्हा ती मागून काहीतरी म्हणाली. ते ऐकून तो उभाच राहिला. मग मोटरसायकल सुरू करून सरळ पवनीच्या रस्त्याला लागला.

विहारात पोहोचला तेव्हा ऊन कलत होतं. भंते पायरीवर बसले होते.

"काय झालं?"

"काही नाही झालं! कमाल आहे त्या मुलीची." सुमेध इतका चिडला होता की हेल्मेट काढायचंही विसरला. "मी म्हटलं, सांग. म्हणते, नाही सांगणार. ठीक आहे. मी निघालो, तर मागून म्हणते, पुढच्या रविवारी ये."

"बरं."

"बरं काय, भंतेजी? पुढे ऐका. पुढच्या रविवारी ये, तेव्हाही नाही सांगणार, असं म्हणाली! मग बोलावते कशाला? ही काय पद्धत झाली? नागपूरहून यायचं, जायचं, आणि सांगायचं तर नाहीच. मी काय समजू यातून? तुम्हीच सांगा."

भंतेंनी हात पुढे करून त्याच्या हेल्मेटचा पट्टा सोडला, हेल्मेट काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

...

"मंग वेळेवर जा," ते म्हणाले.