दस्तू मिस्त्रीचं वळण

फार वर्षांपूर्वी, ट्रकांना पुढं इंजिनाचं लांब नाक होतं तेव्हाची ही गोष्ट. सात वळणांच्या घाटाखाली कातळखिंड नावाचं गाव आहे. तिथं रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये दस्तगीर मुलाणी इंजिनं दुरुस्त करायचा. दस्तगीर त्याला फक्त त्याची आई म्हणायची. बाकी सगळ्यांचा तो दस्तू मिस्त्री.

त्याला बसलेलं कोणी पाहिलं नाही, असं म्हणतात. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं. कारण घाटात सतत कुठली तरी गाडी चालू असायची आणि कुठल्या तरी गाडीचं काही तरी बिघडलेलं असायचं. तिसऱ्या वळणावरची गाडी तो खालून ओळखायचा. हिचं टॅपेट ढिलं झालंय, हिच्या डिझेलमध्ये हवा शिरलीय, आणि हिचा ड्रायव्हर आज घरी भांडून निघालाय. गाडी खाली आली की तिन्ही गोष्टी खऱ्या निघायच्या. भांडणाचं कसं कळलं, असं विचारलं तर म्हणायचा की माणूस रागात ॲक्सिलरेटर पायानं दाबत नाही, टाचेनं तुडवतो.

त्याच्याकडे हातभर लांबीची एक लोखंडी सळई होती. तिचं एक टोक तो चालू इंजिनाला टेकवायचा आणि दुसरं दातात धरायचा. बाकीचे मिस्त्री कानानं ऐकत, दस्तू दातांनी ऐकायचा. त्या वेळी सगळा नाका गप्प व्हायचा. हॉटेलवाला कपबशा खाली ठेवायचा नाही. कावळेसुद्धा तारेवरून उठून पलीकडं जायचे, असं म्हणतात. कावळ्यांबद्दल खात्री देता येत नाही, पण सांगणारे शपथेवर सांगतात.

एका चैत्रात सकाळी शिदू ड्रायव्हरचा ट्रक ठेचकाळत नाक्यावर आला. मागं साठेक माणसांचं वऱ्हाड, ताशेवाले, रुखवताच्या टोपल्या. पुढं शिदूच्या शेजारी नवरी, सुगंधा. तिला लग्नासाठी घाटमाथ्यावरच्या गावी, नवऱ्याच्या दारी न्यायचं होतं. मुहूर्त बाराचा होता. हिची आधीची दोन स्थळं ठरून मोडली होती, आणि नवऱ्याच्या वडिलांनी आधीच निरोप धाडला होता की मुहूर्त टळला तर आम्ही थांबणार नाही. त्यामुळे नवरीचा मामा, आनंदराव, दर दोन मिनिटांनी मनगट वर करून घड्याळ बघत होता.

गाडी मिसिंग मारते, एक सिलिंडर चालत नाही, शिदूनं सांगितलं. महिना झाला.

सहा सिलिंडरचं इंजिन. दस्तूनं ते चालू ठेवलं आणि पाना घेऊन एकेकाच्या डिझेलच्या नळीचा नट ढिला केला. चालणाऱ्या सिलिंडरचं डिझेल तोडलं की इंजिन आणखी लंगडतं. पहिल्याला लंगडलं, दुसऱ्याला लंगडलं, तिसऱ्याला, चौथ्याला. पाचव्याचा नट ढिला केला तर काहीच फरक पडला नाही. म्हणजे काम न करणारा तोच. दस्तूनं त्याचं डिझेल फवारणारं नोझल बदललं. इंजिन एका सुरात चालू लागलं, तसा मामानं हात वर केला आणि ताशा कडाडला.

एरवी दुरुस्तीनंतर दस्तू पुन्हा एकदा सळई लावायचा. त्या दिवशी ताशात काही ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि ताशा थांबवा म्हणेपर्यंत ट्रक निघालाही होता.

मग दस्तूला काही सुचेना. त्यानं हात पुसले, पुन्हा पुसले. पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिता ठेवला. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो येरझारा घालू लागला. महिनाभर पाचव्यावर भार नव्हता. भार नसला की झिजलेलं बेरिंगसुद्धा आवाज करत नाही. आता नोझल नवं, भार पुरा, वर साठ माणसं आणि चढ. तो थांबला. वरून, ताशाच्या खालून, एक बारीक ठोका येत होता. टक. टक. टक. हॉटेलवाला म्हणाला, मला तर काही ऐकू येत नाही. दस्तू सळई घेऊन पायवाटेनं पळत सुटला होता.

ती पायवाट लाकूडफाट्याची. गाडीरस्ता वळणं घेत जातो, ती सरळ चढते. साठीचा माणूस ती पळत कसा चढला याचं उत्तर गावात तीन प्रकारे मिळतं. कोणी म्हणतं वाट आखडली, कोणी म्हणतं धोंडे बाजूला झाले, आणि हॉटेलवाल्याचे नातू म्हणतात, तो पळालाच नाही, त्याला ठोक्यानं ओढून नेलं. एवढं खरं की ट्रक चौथ्या वळणावर आला तेव्हा दस्तू रस्त्याच्या मधोमध उभा होता.

शिदूनं ब्रेक दाबला. चढाला गाडी थांबवायची नसते मिस्त्री, तो वैतागून म्हणाला. दस्तू धापा टाकत म्हणाला, माझं चुकलं, पाचव्याचं बेरिंग गेलंय, माणसं उतरवा. इंजिन वाटेत फुटलं तर त्याच्याच जोरावर चालणारा ब्रेकही जाईल.

मामा वरून वाकून म्हणाला, "काय हो मिस्त्री, तुमच्या हातची गाडी एका सकाळी दोनदा आजारी पडते होय?"

वऱ्हाड हसलं. ताशेवाले थांबायला तयार नव्हते, ताशा मध्ये बंद पडला तर अपशकुन म्हणे. दस्तूनं सगळ्यांकडं पाहिलं आणि मग तो खिडकीशी गेला. तिथं सुगंधा मुंडावळ्यांआड मान खाली घालून बसली होती.

"पोरी, पायाला ठोका लागतोय का?"

"लागतोय चाचा. दुसऱ्या वळणापासून."

"मग बोलली का नाहीस?" मामा ओरडला.

"मला कोणी विचारलं नाही," ती म्हणाली. शालू वर धरला आणि खाली उतरली.

नवरीच उतरल्यावर गाडीत बसून करायचं काय? एकेक करत साठ माणसं उतरली, टोपल्या उतरल्या. काही जण सांगतात की सुगंधानं सळई दातात धरून आवाज ऐकला आणि तिच्या मुंडावळ्या सळईत गुंतल्या. हे बहुधा मागाहून जोडलेलं असावं, पण सांगताना फार छान वाटतं.

दस्तू म्हणत होता, पाचव्याचं डिझेल तोडतो, रिकामी गाडी हळू हळू मागं घे. शिदूला ते कमीपणाचं वाटलं. पुढच्या वळणावर गाडी फिरवतो म्हणून तो वर निघाला. शंभर पावलं गेला असेल. इंजिनातून मोठा आवाज झाला, पाचव्यानं कूस फोडून लोखंडी दांडा बाहेर टाकला, आणि इंजिनाबरोबर ब्रेकही गेला. ट्रक मागं घरंगळू लागला. शिदूनं उडी मारली, त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. ट्रक कठडा तोडून दरीत गेला. आवाज वर यायला इतका वेळ लागला की सगळ्यांना आपापली माणसं मोजता आली.

ताशा कधी थांबला ते कुणाला आठवत नाही.

वऱ्हाड उरलेला घाट पायी चढलं. मुहूर्त टळला का? नवऱ्याकडचे म्हणतात, सूर्य डोक्यावर थांबून राहिला. नवरीकडचे म्हणतात, भटजींनी घड्याळाचे काटे मुकाट मागं फिरवले. लग्न लागलं, एवढ्यावर दोन्ही घरांचं एकमत आहे. दस्तू मात्र वर आला नाही. पानसुपारीला बोलावलं तेव्हा त्यानं निरोप दिला की चूक माझी होती, चुकीची कसली पानसुपारी. पुढं एका पावसाळ्यात, कुणालाच ऐकू न आलेल्या गाडीचा आवाज ऐकून तो सळई घेऊन घाट चढला आणि परत आला नाही, असं म्हणतात.

आता गाड्यांचं नाक गेलं. इंजिनं अशी झाकलेली असतात की ती चालू आहेत की बंद, हेही कळत नाही. तरी घाटानं जाणारं प्रत्येक वऱ्हाड चौथ्या वळणाला थांबतं. बँडवाले वाद्यं खाली ठेवतात. इंजिन चालूच ठेवतात. आधी नवरी उतरते, मग बाकीचे. घरातलं वडीलधारं माणूस तिला विचारतं, काय ऐकू येतंय? तिनं चला म्हटल्याशिवाय कोणी गाडीत चढत नाही, मुहूर्त कितीचाही असो.

काही जणी लगेच चला म्हणतात. काही जणी बराच वेळ ऐकत उभ्या राहतात. त्यांना कोणी घाई करत नाही.