लोण्याचं गाढव

एका बंदरावर एकदा एक गाढव लोणी म्हणून आणलं गेलं.

आणणारा तरुण एका वृद्ध दुभाष्याचा शिष्य होता. परदेशी जहाजं धक्क्याला लागली की व्यापाऱ्यांचं बोलणं एकमेकांना समजावून देणं हा त्या वृद्धाचा व्यवसाय. शिष्याला पाठशाळेतून हाकललेलं. फार प्रश्न विचारतो, हा अपराध. इथे तरी उत्तरं मिळतील या आशेने तो आला. पण गुरुजीही केस पिकलेल्या बाकीच्यांसारखेच निघाले. "शब्दाला फाटे फोडू नकोस. बुर्रो म्हणजे गाढव. पाठ कर, पुढे चल."

त्याने पाठ केलं.

मग इटलीचं एक जहाज आलं आणि गुरुजींनी प्रथमच त्याला एकट्याला धाडलं. कप्तान म्हणाला, "मला बुर्रो हवा. चांगला ताजा!" ताजा म्हणजे तरुण असणार, असं समजून शिष्याने कुंभाराकडून एक उमदं गाढव मागून आणलं. खलाशी पोट धरून हसले. कप्तानाने पावावर सुरी फिरवून दाखवली, तेव्हा कळलं की त्याला लोणी हवं होतं.

"अगो बाई," धक्क्यावरची एक कोळीण ओरडली, "ह्याला घुसळायचं कसं रे, दुभाष्या?"

शिष्य घरी आला तो गाठोडं बांधायलाच. "पाठशाळेत मास्तर गाढव म्हणायचे. आज अख्खं बंदर म्हणालं. जातो मी. शिकणं माझ्या नशिबात नाही."

"गाढव कुठे आहे?" गुरुजींनी विचारलं.

"दारात बांधलंय."

गुरुजी उठले. शेजारणीकडून लोण्याचं मडकं मागून घेतलं, ते छातीशी धरलं आणि गाढवावर चढून बसले. "दोर धर. बाजारातून चल."

"गुरुजी, लोक काय म्हणतील? इथे चोरांची धिंड काढतात गाढवावरून!"

"ठाऊक आहे. चल."

बाजार थबकला. मघाच्याच कोळणीने टोपली खाली ठेवली. "आता गुरूलाच विकायला काढलास काय रे?" शिष्याचे कान तापले. गुरुजी मात्र ताठ बसून राहिले. धक्क्यावर उतरून त्यांनी मडकं कप्तानाच्या हाती दिलं आणि शिष्याकडे वळले.

"ह्यांचा बुर्रो मूळचा ग्रीकांचा. त्यांनी गाय आणि चीज हे दोन शब्द जोडून लोण्याला नाव दिलं. ते लॅटिनमधून घरंगळत इटलीत बुर्रो झालं, फ्रान्सात बर, इंग्रजांकडे बटर. स्पेन-पोर्तुगालचा बुर्रो निराळ्या कुळातला. लॅटिनमध्ये लहानशा तट्टाला एक शब्द होता, त्याचा हा वंशज. दोन वाटांनी आलेले दोन प्रवासी योगायोगाने एकाच वेषात भेटले. तू वेष ओळखलास, वाट विचारली नाहीस."

"विचारली होती!" शिष्याचा आवाज चढला. "पहिल्याच दिवशी विचारलं होतं, सगळ्या देशांत बुर्रो गाढवालाच म्हणतात का. तुम्ही म्हणालात, फाटे फोडू नकोस. तुम्हाला सगळं ठाऊक होतं, गुरुजी. तरी अर्धंच शिकवलंत, कारण अर्धं शिकवायला सोपं जातं. आणि गाढव ठरलो मी."



"म्हणून तर बसलो त्याच्यावर," वृद्ध हळूच म्हणाला. "तुला काय वाटलं, तुझ्या लाजेला सोबत म्हणून? ज्याचा गुन्हा, त्याची धिंड."

तेवढ्यात लोण्याने माखलेल्या तोंडाने कप्तानाने आणखी काहीतरी मागितलं. तो शब्द शिष्याला येत होता, पाठ होता. तरीही तो पुढे झाला आणि कप्तानाला म्हणाला, "थांबा. तुमच्याकडे हा शब्द कशाला म्हणतात, ते आधी दाखवा."

गुरुजींनी त्याला अडवलं नाही. तेही कान देऊन ऐकू लागले. घरात बांधलेलं गाठोडं त्या संध्याकाळी सुटलं.

तरुणांना गाढव म्हणणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्याने एकदा त्यावर बसून बाजारातून जावं. दोर धरायला आम्ही आहोत.