ओदिलच्या मागून आलेला ओढा

एकदा काय झालं, दूर समुद्रात एक बेट होतं. त्यावर एक एवढासा ओढा, आणि ओढ्याकाठी तीन गावं. वरचं, मधलं, खालचं. वरच्या गावात ओदिल नावाची धोबीण राहायची. रीत अशी, की कपड्यांना साबण लावण्याआधी तिनं शंख फुंकायचा. मग खालच्या लोकांनी पटापट प्यायचं पाणी भरून घ्यायचं. पाय हलवू नकोस गं, ऐक.

एका सोमवारी धुण्याचा हा ढीग! घाईत ओदिल शंख फुंकायलाच विसरली. फेसाचं पाणी गेलं खाली, लोक प्यायले, पोटं बिघडली. खालच्या गावात ओदिलचीच लेक राहायची, मार्त. तिची वर्षाची पोर तापानं फणफणली. लोक विचारायला आले, तर ओदिल म्हणते, "फुंकला होता की! तुमच्याच कानात बोळे." मार्त बिचारी आईच्या बाजूनं सगळ्यांशी भांडली.

झालं! ओढा रुसला, डोंगरात जाऊन दडला. तिन्ही गावांत थेंब नाही. मार्तचा निरोप आला, "आई, पोरीपुरतं घोटभर पाणी उरलंय." ओदिल तशीच उठली. धावली डोंगरात. खडकाखालून ओढा म्हणाला, "तिन्ही गावांत खरं सांग. मी मागून येतो. पण लपवलंस, तर आटत जाईन."

मग काय, ओदिल पुढं, ओढा मागं. वरच्या गावात म्हणाली, "शंख जरा हळू वाजला." ओढा झाला निम्मा. मधल्या गावात म्हणाली, "वाजवला की नाही, आठवत नाही हो." ओढा झाला दोरीएवढा. मग आलं खालचं गाव. दारात मार्त, कडेवर मलूल पोर. खरं सांगावं तर लेक तुटेल, न सांगावं तर नात जाईल! मागं बघते तो ओंजळभर पाणी, तेही वाळूत जिरतंय.

"मार्त," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "मी शंख फुंकलाच नाही. वर खोटं बोलले. पोर माझ्यामुळं आजारी पडली गं."

आणि बरं का, धो धो आला ओढा! मार्तनं आईकडं पाठ फिरवली. घागर भरली, पोरीला चमच्याचमच्यानं पाजत बसली.

तीन दिवसांनी ताप उतरला. चौथ्या दिवशी मार्त वर आली, आईशेजारी बसली, आणि अर्धं धुणं आपल्याकडं ओढलं. ओदिल रडायलाच लागली.

मग सगळे सुखानं राहिले. मिटा आता डोळे. आणि लोणच्याची बरणी कुणी फोडली, ते सकाळी सांगा मला. मी रागावणार नाही.