गाडीखालचं कुंकू

एकदा एक जीपवाला दसऱ्याच्या सकाळी आपली जुनी जीप घेऊन वृद्ध गुरुजींच्या अंगणात आला. लहू त्याचं नाव. लहानपणी तो याच गुरुजींच्या हाताखाली शिकला होता. आता वडिलांनी घेतलेल्या या जीपमधून तो घाटापलीकडच्या बाजाराला माणसं नेई. गाडी किती लाख किलोमीटर धावली, हे सांगणारा मीटरसुद्धा बिचारा थकून कधीच बंद पडला होता!

लहूच्या जिवाला एकच घोर लागला होता. बायको म्हणे, 'ही गाडी काढून टाका.' मित्र म्हणत, 'जुनं ते सोनं.' आणि याचं मन? ते वडिलांच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या स्टिअरिंगपाशी अडकलेलं.

"गुरुजी, पूजा तुमच्यासमोर व्हावी. आणि गाडी ठेवू की काढू, तेही तुम्हीच सांगा."

लहूने बॉनेटवर झेंडूचा हार चढवला. कुंकवाचं बोट पुढे केलं, तोच गुरुजींनी त्याचा हात धरला.

"तिथे नको. जिथे तुझी नजर जायला कचरते, तिथे लाव."

लहू चपापला. अंगात सणाचा कोरा सदरा. पण गुरूची आज्ञा! तो निमूटपणे गाडीखाली सरपटला. ब्रेकच्या नळीला बोट लावलं, तर ते तेलाने ओलं झालं. मग चासी, म्हणजे गाडीचा सारा भार पेलणारा लोखंडी सांगाडा. वेल्डिंग केलेल्या जागी त्याने कुंकू लावलं मात्र, गंजाचा पापुद्रा सुटून छातीवर पडला आणि बोट आरपार आत गेलं. टपापर्यंत भरलेली रोजची माणसं त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

बाहेर आला तो उतरल्या तोंडानेच. "दर दसऱ्याला हिची पूजा केली, गुरुजी. लिंबू-मिरची कधी चुकवली नाही. मग हे मला दिसलं कसं नाही?"

"दिसलं होतं, बाळा. म्हणून तर वेल्डिंग केलंस. त्यानंतर तू पाहणं सोडलंस." गुरुजी शांतपणे म्हणाले. "आपण बॉनेट पूजतो आणि गाडीला सांगतो, 'सांभाळ गं बाई.' पण वाहन जड, निर्जीव आहे. जाण आपल्याला दिलेली आहे. सांभाळायचं आपण. माया डोळे झाकू लागली, की तिच्यात भीती शिरली असं समजावं. गाडी म्हातारी झाली यात तिचा काही दोष नाही."

"म्हातारी म्हणून टाकायची, तर मग तुम्हालाही..." लहू रडवेल्या आवाजात फुरंगटला.

"अरे लबाडा! मीही झिजलोय. पण मी घाटातून माणसं नेत नाही!" गुरुजी खळखळून हसले.

लहूलाही हसू आलं. मग थोडं घुटमळत तो म्हणाला, "पलीकडच्या तालुक्यातला एक जण गाडी मागतोय. त्याला देऊन टाकू?"

गुरुजींचं हसू मावळलं. "आणि त्याच्यामागे बसणार कोण?"

जीप अंगणातच ठेवून लहू फाट्यापर्यंत चालत गेला. तिथे नेहमीची माणसं खोळंबली होती.

"काय रे, गाडी कुठंय? सणासुदीला वाट बघायला लावतोस!" एक मावशी करवादली.

"गाडी भंगारात काढली, मावशी. तिच्यावर आता भरवसा नाही. तुम्हाला न्यायला दुसरी गाडी बोलावतो."

कित्येक महिन्यांनी लहूला या माणसांच्या डोळ्यांत बघून बोलता आलं.