नव्या कॅमेऱ्याची पहिली लेन्स

मुलांनो, ज्याला लांबचं दिसतं त्याला जवळचंही दिसतंच, असं तुम्हाला वाटतं का?

कॅमेरे बोलत असत तेव्हाची ही गोष्ट. दुकानात नव्या कॅमेऱ्यापुढे दोन लेन्स होत्या.

"मी डोंगरावरचा ससाणा दाखवीन," लांब लेन्स म्हणाली. "ही बुटकी काय दाखवणार?"

"खोलीतली माणसं," बुटकी म्हणाली.

कॅमेऱ्याने लांब लेन्स निवडली.

त्याच दिवशी जयवंतच्या आईने तो विकत घेतला. संध्याकाळी घरी जयवंतचं औक्षण होतं. तो सैन्यात निघाला होता. आईला सगळ्यांचा एकत्र फोटो हवा होता. कॅमेऱ्याने पाहिलं आणि तो हादरलाच. समोर नुसतं जयवंतचं नाक!

"अगं, सगळे दाखव ना!"

"मग मागे सरक."

"मागे भिंत आहे, बाई!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या गाडीने जयवंत गेला.