सूं-सूं करणारी डबी

एका गावात एक भोळा दीर होता. भोळा तो सगळ्यांशीच होता, दीर मात्र एकीचाच. नाव लिंबाजी. सांगितलेलं काम त्याने कधी टाळलं नाही. टाळलं असतं तर बरं झालं असतं, असं लोक म्हणत.

घरात दोघंच, तो आणि वहिनी. थोरला भाऊ, म्हणजे दादा, मागल्या वर्षी गेला. विहिरीवर गेला होता, तिथेच गेला. त्याच्या घटकाभर आधी त्याने फोनमध्ये बोलून वहिनीला एक निरोप पाठवला होता. त्याचा आवाज म्हणून घरात तेवढाच उरला होता. पण निरोपात मोटरीची घरघर फार. "मोटर बंद केली की येतो" इथपर्यंत कळायचं. पुढे दादा आणखी काही बोलला होता, ते घरघरीत बुडालं होतं.

वहिनी रोज फोन कानाला लावायची आणि रोज तिथेच अडायची.

गावाने ते शब्द परस्पर ओळखून टाकले होते. गुरुजी म्हणाले, देवाचं नाव घेतलं असणार. चुलत जाऊ म्हणाली, दागिने कुठे पुरलेत ते सांगितलं असणार. वर्षश्राद्धाच्या आत ते शब्द ऐकू यावेत, एवढंच वहिनीला हवं होतं.

तिच्या बहिणीचा मुलगा पुष्कर पुण्याला असायचा. त्याला आवाजाचा शौक होता. कानात घालायच्या वस्तू त्याच्याकडे इतक्या होत्या की कान कमी पडत. गाणं लागलं की तो गाणं ऐकत नसे, वायर ऐकत असे. मावशीची अडचण कळल्यावर तो स्वतः आला. सोबत चिमुकले इयरफोन आणि काडेपेटीएवढी एक डबी.

"मावशी, हा अ‍ॅम्प्लिफायर, आवाज वाढवतो. फोन आणि इयरफोन यांच्या मध्ये लावायचा. आणि हे इयरफोन म्हणजे... मुंगीचं पाऊल ऐकू येईल यातून!"

लिंबाजी ऐकत होता. दुसऱ्या दिवशी तो इयरफोन घेऊन वारुळाशी जाऊन बसला. एक कानात, एक वारुळात. ऊन चढेपर्यंत बसला. घरी आला तेव्हा त्याचा कान भज्यासारखा फुगला होता.

"काय झालं रे?" वहिनीने विचारलं.

"मुंगी चावली. पण पाऊल नाही वाजलं."

वहिनीने इयरफोन झटकले, पुसले आणि पुष्करने सगळं जोडून दिलं. वहिनीने कानात घातलं. निरोप अजून लावलाही नव्हता.

"पाऊस पडतोय का रे बाहेर?"

"नाही, मावशी."

"मग ही सूंऽऽ कशाची?"

पुष्करने ऐकलं. त्याचा चेहरा गंभीर झाला. या गंभीरपणासाठीच तर तो हा शौक करत होता. "डबीची आहे. डबीचा जोर मोठ्या हेडफोनसाठी केलेला. हे इयरफोन फार नाजूक. यांना डबीचा श्वाससुद्धा ऐकू येतो."

लिंबाजीने डबीपाशी गाल नेऊन पाहिला. श्वास लागला नाही.

दादाच्या बोलण्यावर आधी घरघर होती, आता वर सूंही आली. पुष्करची सुट्टी संपली. जाताना तो म्हणाला, "काळजी नको. मी फोनवरून सांगतो, लिंबाजी करेल."

हे गावातल्या कुणी ऐकलं असतं, तर त्याला जाऊ दिलं नसतं.

पहिल्यांदा त्याने फोनवर सांगितलं, "लिंबाजी, डबीवर एक बटण आहे. ते खाली कर. नाजुकाला जोर कमी द्यायचा असतो."

लिंबाजीने मान डोलावली. फोनवर मान दिसत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने बटण खाली केलं. सूं थोडी उतरली, गेली नाही.

त्याच दिवशी गावचं पाणी सोडणारा भानुदास त्याला भेटला. भानुदासचा घसा बसला होता. तो खरखरत म्हणाला, "लिंबाजी, पंचायतीच्या भोंग्यावर तेवढं सांग की पाणी आत्ताच सुटतंय, घागरी लावा."

लिंबाजीने विचार केला. माणसाचा कान नाजूक. नाजुकाला जोर कमी. तो भोंग्यासमोर बसला आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं तसा पुटपुटला, "पाणी सुटतंय हं... घागरी लावा हं..."

झाडावरचा कावळासुद्धा उडाला नाही. पाणी सुटलं, गटारात गेलं आणि संपलं. बायका रिकाम्या घागरी घेऊन भानुदासच्या दारात उभ्या राहिल्या. भानुदास लिंबाजीच्या दारात आला.

"कुणाशी बोलत होतास रे?"

"गावाशी."

"गाव काय तुझ्या मांडीवर झोपलं होतं?"

लिंबाजी म्हणाला, "बरं. पुढल्या वेळी लक्षात ठेवतो." आणि तो खरंच लक्षात ठेवायचा. तीच पंचाईत होती.

दुसऱ्यांदा पुष्करने सांगितलं, "फोनचा आवाज पूर्ण ठेव आणि डबीचा अगदी थोडा. मूळ काठोकाठ भरायचं, पुढे थेंबथेंब सोडायचं."

लिंबाजीने तसं केलं. सूं जागच्या जागी.

दुपारी गुरुजी श्राद्धाची तिथी सांगायला आले. बरोबर भाऊबंद होते. वहिनी म्हणाली, "लिंबा, चहा कर बाबा. गाळायला मी येते." लिंबाजीने मोठं पातेलं काठोकाठ भरून चहा केला. वहिनी यायच्या आत वरची निवळ घेऊन प्रत्येकाच्या कपात एकेक चमचा सोडला.

गुरुजींनी कपात पाहिलं. मग पातेल्याकडे पाहिलं. मग ओंजळीत कप उपडा करून प्यायले आणि सवयीने डोक्याला हात पुसला.

"हे तीर्थ समजायचं का रे?"

"मूळ भरलेलं आहे, गुरुजी. पुढे थेंबथेंब."

वहिनीने पदर तोंडाला लावला. भाऊबंदांना वाटलं रडते आहे. ते लवकर उठले.

तिसऱ्यांदा पुष्कर म्हणाला, "आता एकच उपाय. डबी आणि इयरफोनच्या मध्ये एक छोटा अडथळा लावायचा. सूं तिथे अडते, हवं ते पुढे जातं. मी कुरिअरने पाठवतो."

लिंबाजीला हे फार पटलं. दुसऱ्या दिवशी वहिनी शेताकडे निघाली. जाताना तिने इयरफोन कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवले. डबी तशीच पाटावर राहिली. "लिंबा, दारात बस. लक्ष ठेव."

लिंबाजी उंबऱ्यात आडवा बसला. नको ते अडवायचं, हवं ते सोडायचं.

थोड्या वेळाने एक पोरगेला माणूस मोटारसायकलवरून आला. हातात पुडकं.

"या, आत या," लिंबाजी म्हणाला.

"आत नको, काका. इथूनच देतो."

"नको?"

"नको, नको. घाईत आहे."

"मग जा."

"अहो, पण पुडकं..."

"नको म्हणालात ना? नको ते इथे अडतं. जा." आणि त्याने काठी उचलली. माणूस पुडकं घेऊन वाऱ्यासारखा गेला. अशा रीतीने अडथळ्याने अडथळा अडवला.

मग शेजारची शेळी आली. लिंबाजीने तिलाही विचारलं, "हवं की नको?" शेळी काही बोलली नाही. नको म्हणाली नाही, म्हणून त्याने पाय काढून घेतले.

वहिनी परतली तेव्हा शेळी पाटापाशी रवंथ करत होती. डबीच्या वायरीचं टोक तिच्या तोंडातून लोंबत होतं आणि डबीवर दात उमटले होते.

त्या दिवशी वहिनी पहिल्यांदा ओरडली. "अरे लिंबा! अडवलंस ते हवं होतं, आणि सोडलंस ते नको होतं!"

लिंबाजीने मान खाली घातली. मनात घोकलं : अडतं ते हवं, जातं ते नको. "बरं. पुढल्या वेळी लक्षात ठेवतो."

वहिनीने पुष्करला कळवलं. मग तो म्हणाला, "मी तरी तेच म्हणणार होतो, मावशी. इतक्या नाजूक इयरफोनला डबी लागतच नाही. सरळ फोनमध्ये घालायचे."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"आधी डबी होती ना."

त्या रात्री त्याने आपल्या शौकीन मित्रांना हे लिहून कळवलं. एकाने विचारलं, शेळी कोणत्या जातीची?

दुसऱ्या दिवशी श्राद्ध होतं. सकाळी, माणसं यायच्या आत, वहिनीने करंड्यातून इयरफोन काढले आणि सरळ फोनमध्ये खुपसले. जुना फोन, त्याला तेवढी सोय होती. एक इयरफोन स्वतःच्या कानात घातला, एक लिंबाजीच्या.

सूं नव्हती. कानात आधी विहिरीवरची दुपार आली. मग घरघर. आणि घरघरीच्या अलीकडे, अगदी जवळ, दादा.

"मोटर बंद केली की येतो. चहा ठेव, तिघांचा. आणि लिंब्याला गाळू देऊ नको, सांडतो तो."

एवढंच होतं.

वहिनी हसली. मग तिने इयरफोन काढून हातात धरला. देव नव्हता, दागिने नव्हते. दादा गेला त्या दिवशी, 'येतो' एवढं ऐकून, तिने चहा ठेवला होता. तो आटून गेला होता.

लिंबाजीच्या कानात इयरफोन तसाच होता. निरोप संपेपर्यंत घरघर चालूच होती. त्याने ते नीट ऐकलं. दादाने सांगितलं होतं, मोटर बंद केली की येतो. दादा कधी खोटं बोलला नव्हता. म्हणजे मोटर बंद व्हायची राहिली होती. वर्षभर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

तो उठला आणि विहिरीवर गेला. घरची मोटर बंद होती. वर पोतं टाकलेलं. मग दादा का येत नव्हता? लिंबाजीने कान दिला. लांबून घरघर येत होती. गावच्या पंपघरातून.

"हां," तो म्हणाला.

पंपघर उघडंच होतं. भानुदास विडी आणायला गेला होता. लिंबाजीने खटका पाडला, वर फ्यूज काढून खिशात घातला, घरी आला आणि वहिनीला म्हणाला, "बंद केली. आता चहा ठेव."

वहिनी काय समजायचं ते समजली.

तेवढ्यात अख्खा गाव घागरी घेऊन दारात. पुढे भानुदास, मागे गुरुजी, त्यांच्या अंगाला साबण तसाच.

"लिंब्या, फ्यूज दे!"

"दादा आल्यावर देतो."

भानुदासचा उघडलेला जबडा मिटला. मागचा गलबला हळूहळू थांबला. गुरुजींच्या कानामागे साबण वाळत चालला.

शेवटी वहिनी पुढे आली. "लिंबा, चहाला पाणी लागतं ना?"

"लागतं."

"घरात थेंब नाही. पाणी हवं तर मोटर चालू हवी."

लिंबाजीने विचार केला. त्याच्या कपाळाला घाम आला. "म्हणजे मोटर चालू केली तर दादा येणार नाही. आणि बंद ठेवली तर चहा होणार नाही."

"तसंच आहे ते," वहिनी म्हणाली.

लिंबाजीने विहिरीच्या वाटेकडे एकदा पाहिलं. मग त्याने खिशात हात घातला आणि फ्यूज भानुदासच्या तळहातावर ठेवला.

पाणी सुटलं. गाव पांगलं. भानुदास फ्यूज बसवून परत आला, तो उगाचच ओट्याशी उभा राहिला. वहिनीने पहिल्या पाण्याचा चहा ठेवला, तिघांचा. उकळला तेव्हा तिने गाळणी उचलली. क्षणभर हातात धरली आणि लिंबाजीपुढे केली.

"घे. आज तूच गाळ."

लिंबाजीला भरून आलं. सांडायचं नाही, एवढं त्याने मनाशी घट्ट धरलं. सगळ्यांकडे पाठ करून मोरीपाशी बसला. श्वास रोखला. नाजुकाला जोर कमी. इतका जपून गाळला की जमिनीवर एक थेंब पडला नाही. मग तीन कप आणून त्याने पाटावर मांडले, एक वहिनीपुढे, एक स्वतःपुढे आणि एक दादाच्या जागी. भानुदासने मान डोलावली. "शहाणा झाला हो लिंबाजी."

वहिनीने कप उचलला. तो फार हलका लागला. आत पाहिलं. तळाशी वाफाळता चोथा होता. तिघांनाही सारखा वाटलेला.

"लिंबा, चहा कुठे आहे?"

"मोरीत सोडला," लिंबाजी अभिमानाने म्हणाला. "अडतं ते हवं, जातं ते नको. लक्षात ठेवलं होतं मी!"

वहिनीने भानुदासकडे पाहिलं. मग शांतपणे फोन घेतला आणि इयरफोन पुन्हा कानात घातला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "पुढे अजून काहीतरी सांगितलं असणार त्यांनी."