न मरणारा शिलेदार

भूपालराव राजांना पटावरच्या लढाईचा भारी नाद. वाळूचे डोंगर रचायचे, मध्ये चिमुकले देऊळ मांडायचे, लाकडी शिलेदारांना नावे नि गुण द्यायचे आणि कवड्या टाकून लढायचे. फक्त हरायची वेळ आली की राजे नवा नियम काढत आणि दरबार माना डोलावी.

त्या दिवशी पटापलीकडे कोंढवळ गडाची किल्लेदारीण म्हाळसाबाई होती. ती हरली, तर गड राजांच्या मेहुण्याला जायचा होता. तिने राजांचे सगळे शिलेदार मारले. उरला एकटा अमरसेन.

"थांबा!" राजे म्हणाले. "आमच्या अमरसेनाला मरण नाही. भूक नाही, झोप नाही, भीती नाही. आजपासून हाच नियम!"

म्हाळसाबाईची नजर पटावरून फिरली. न मरणाऱ्याला मारायचे कसे?

"गडाच्या किल्ल्या आणल्यात ना, बाई?" मेहुणा हसला.

म्हाळसाबाईने अमरसेनाला हात जोडले, त्याला उचलून देवळात बसवले आणि वर तबकातले फूल वाहिले.

दरबारी ताडकन उठले. राजांच्या सोंगटीला हात!

"ही काय मस्ती?" राजे कडाडले.

"मस्ती कसली, महाराज? मरण नाही, भूक नाही, भीती नाही, असा माणूस कुठला? हा तर देव! आणि स्थापना झालेल्या देवाला कुणी जागेवरून हलवतं का?"

राजांनी दरबारातल्या शास्त्रीबुवांकडे पाहिले. शास्त्रीबुवांची मान आज प्रथमच आडवी हलली.

"खेळा, महाराज," म्हाळसाबाई म्हणाली, "तुमची चाल."

राजांच्या हातात कवड्या होत्या, पण पटावर चालायला कुणीच नव्हते.